मिनिटाला हजार गोळ्या, पण किती मिनिटं?

मशीनगनची कुठलीही बातमी उघडा, मथळ्यात एक आकडा हमखास सापडतो: ‘मिनिटाला १००० गोळ्या’. चित्रपटातला नायक तर गन कमरेशी धरून ट्रिगर सोडतच नाही. आकडा खोटा नाही, पण त्यावरून गनची ताकद मोजणं चूक आहे. तो फक्त सांगतो की आतलं यंत्र किती झपाट्याने मागेपुढे होतं. प्रत्यक्षात किती गोळ्या झाडता येतील हे नळी ठरवते आणि नळीचं भवितव्य उष्णता ठरवते. शाळेत शिकलेली विशिष्ट उष्मा आणि अप्रकट उष्मा ही प्रकरणं इतक्या स्पष्टपणे कामाला लागलेली मी दुसरीकडे क्वचितच पाहिली आहेत.

उदाहरणासाठी ‘मॅग’ घेऊ. बेल्जियमच्या एफएन कंपनीने १९५०च्या दशकात घडवलेली ही गन अमेरिकेत एम-२४०, ब्रिटनमध्ये एल-७ या नावाने वापरली जाते. भारतात ती कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत तयार होते. काडतूस ७.६२ मिलिमीटरचं, पट्ट्यातून जाणारं, आणि गनचं वजन १२ किलोच्या आसपास. बायपॉडवर (दोन पायांच्या टेकूवर) ठेवली की ती पायदळाच्या तुकडीबरोबर पुढे सरकते, ट्रायपॉडवर (तिवईवर) चढवली की एका जागेवरून दीर्घकाळ मारा करते. रणगाड्यावर आणि हेलिकॉप्टरवरही तीच बसते. एकाच गनने ही सगळी कामं करायची, म्हणून ‘जनरल पर्पज’. या कल्पनेची सुरुवात जर्मनीच्या एमजी-३४ पासून मानतात.

त्याआधी कामं वाटलेली होती. व्हिकर्ससारख्या जड गनच्या नळीभोवती सुमारे चार लिटर पाण्याचं वेष्टन असे. एक लिटर उकळतं पाणी वाफ होताना २२६० किलोज्यूल उष्णता घेऊन जातं, म्हणून पाणी भरत राहिलं की व्हिकर्स तासन्‌तास चाले. पण पाणी, तिवई आणि गन उचलायला माणसं लागत. हलकी ब्रेन गन एकटा जवान नेऊ शके, मात्र तिच्या मॅगझिनमध्ये जेमतेम ३० गोळ्या. जनरल पर्पज गनने पाणी टाकून दिलं आणि पट्टा ठेवला. पाण्याने जी उष्णता नेली असती, ती आता कुठे जाणार?

हिशेब करून पाहू. काडतुसात साधारण ३ ग्रॅम दारू असते, ती जळून ११ किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा निघते. साडेनऊ ग्रॅमची गोळी सेकंदाला ८४० मीटर वेगाने बाहेर पडते, म्हणजे तिच्या वाट्याला सुमारे ३.३ किलोज्यूल आले. बराच मोठा भाग तप्त वायूंबरोबर तोंडातून निघून जातो. उरलेले ढोबळमानाने दीड ते दोन किलोज्यूल नळीत मुरतात. मॅगची नळी सुमारे ३ किलोची आणि पोलादाची विशिष्ट उष्मा किलोला अंशामागे ४८० ज्यूलच्या आसपास. भागाकार केला की दर गोळीमागे नळी एक अंशाहून थोडी जास्त तापते. शंभर गोळ्या, शंभराहून जास्त अंश.

पण ही झाली सरासरी, आणि खरी गंमत सरासरीत नाही. दारू जळते ते एक-दोन मिलिसेकंद. तेवढ्या वेळात उष्णता पोलादात किती खोल जाते? अंतर हे वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. पोलादासाठी उत्तर येतं मिलिमीटरचा दहावा हिस्सा, फार तर थोडं जास्त. म्हणजे सगळा मारा आतल्या पापुद्र्यावर होतो आणि तो क्षणभर भयंकर तापतो. मिनिटाला ७५० गोळ्यांच्या वेगाने पुढची गोळी ८० मिलिसेकंदांत येते. तोवर उष्णता जेमतेम एक मिलिमीटर आत गेलेली असते. पापुद्रा निवलेलाच नसतो, त्यावर दुसरा घाव. मात्र चार-पाच सेकंद थांबलं तर तोच आकडा सात मिलिमीटरांपर्यंत जातो, म्हणजे उष्णता नळीच्या जवळजवळ सगळ्या जाडीत पसरते. अमेरिकी सैन्याची एम-२४०साठीची शिकवण सहा ते नऊ गोळ्यांची फैर आणि मग चार-पाच सेकंदांची उसंत अशी आहे. गोळ्या वाचतात आणि नेम सुधारतो हे खरंच, पण त्या उसंतीत नळीच्या आतल्या पृष्ठभागाला श्वास घ्यायला मिळतो.

त्याच शिकवणीनुसार मिनिटाला १०० गोळ्या झाडल्या तर दहा मिनिटांनी नळी बदलायची, २०० झाडल्या तर दोन मिनिटांनी आणि ट्रिगर दाबूनच धरला तर मिनिटाभरात. म्हणून गनबरोबर जादा नळी नेतात. अमेरिकेच्या जुन्या एम-६०मध्ये बायपॉड नळीलाच जोडलेला होता आणि नळीला मूठ नव्हती. बदलायला अ‍ॅस्बेस्टॉसचा हातमोजा लागे. मॅगच्या नळीला मूठ आहे.

आणखी एक धोका. चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसण्याची जागा, फार तापलं तर आत बसलेलं काडतूस ट्रिगर न दाबताच उडू शकतं, कारण दारूतलं नायट्रोसेल्युलोज सुमारे १७० अंशांना पेट घेतं. म्हणून या गनचा बोल्ट, म्हणजे काडतूस पुढे ढकलणारा मागेपुढे सरकणारा भाग, फैर थांबली की मागेच अडकून राहतो. चेंबर रिकामं, नळीतून हवा खेळती. ट्रिगर दाबला की बोल्ट पुढे येतो, काडतूस ढकलतो आणि लगेच उडवतो.

एखादी गन ‘तापतच नाही’ असं कोणी सांगितलं तर ती थाप समजावी. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम कंपनी किंवा देश पाहत नाही. मार्च २०२० मध्ये भारताने इस्रायलकडून १६,४७९ नेगेव्ह गन घेण्याचा करार केला. त्यांचं वजन आठ किलोच्या आत आहे, डोंगर चढणाऱ्या जवानासाठी हा फरक फार मोठा. पण काडतूस तेच ७.६२चं आहे आणि प्रत्येक गोळी नळीला जवळपास तेवढीच उष्णता देते. नळीतलं धातूचं वजन कमी केलं, तर तापायला कमी गोळ्या पुरतात.