फताडा, सपाट की 'वाइड'? रुंद पायांच्या रनिंग शूजमागचा घोळ

रत्नागिरीत भाट्याच्या पुलावर सकाळी धावणाऱ्यांच्या गप्पांची गाडी फिरून फिरून बुटांवर येतेच, आणि दर आठवड्याला कुणी ना कुणी म्हणतं की माझा पाय फताडा आहे, मऊ पण रुंद असा बूट सांगा. घोळ इथूनच सुरू होतो. फताडा हा शब्द आपण दोन वेगळ्या पायांना लावतो. एक म्हणजे पंजा रुंद, बोटं फाकलेली. दुसरा म्हणजे तळव्याची कमान बसलेली, ओला पाय लादीवर ठेवला की अख्खा ठसा उमटणारा. दोन्ही एकाच माणसात असू शकतात पण असायलाच पाहिजेत असं काही नाही. माझ्या ठशात मधे चांगली खाच दिसते म्हणजे कमान शाबूत आहे, फक्त करंगळीच्या मुळाशी पाय बाहेर सांडतो.

आता दुकानात जाऊन 'फताडा' म्हणून बघा. समोरचा ऐकतो 'सपाट', आणि आतल्या बाजूला कडक फोम घातलेला, कमानीला टेका देणारा बूट काढून देतो. असा एक मी जवळजवळ दोन वर्षं वापरला. कमानीला नको तिथे टोचायचा आणि पंज्याला जिथे जागा हवी तिथे इंचभरही मोकळीक नाही, वर करंगळीचं नख दोनदा गेलं ते वेगळंच. दुकानदाराला दोष देऊन उपयोग नाही, आपल्या शब्दातच दोन अर्थ आहेत.

या दोन गोष्टी वेगळ्या धरायला हव्यात हे अभ्यासातूनही दिसलंय आणि तेही आपल्याच देशातल्या पायांवरून. 1992 साली छापून आलेल्या एका अभ्यासात 4 ते 13 वयाच्या 2300 मुलांच्या पायांचे ठसे तपासले होते, त्यात बूट-चपला वापरणाऱ्या मुलांमध्ये सपाट पाय 8.6 टक्के आणि अनवाणी फिरणाऱ्यांत 2.8 टक्के निघाले. म्हणजे अनवाणी पोरांची कमान उलट जास्त चांगली. मग 2009 च्या एका अभ्यासात दक्षिण भारतातल्या कायम अनवाणी चालणाऱ्यांचे पाय मोजले तर ते पंज्यात जास्त रुंद होते आणि चालताना तळव्यावरचा दाब जास्त सारखा विभागलेला होता. आमच्याकडे आजी-आजोबांचे पाय लावणीच्या चिखलात आणि जांभ्याच्या पायवाटांवर वाढले, त्यांच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात अख्खं बोट मावायचं. आजी त्याला फताडाच म्हणायची, पण सपाट नव्हता तो.

असा पाय बुटाच्या नंबरात कुठे बसतो? कुठेच नाही, कारण आपल्याकडे डब्यावर जो यूके नंबर असतो तो फक्त लांबी सांगतो. एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा भाग, मुळात जवाच्या एका दाण्याची लांबी. (आपल्याकडेही आठ यव म्हणजे एक अंगुळ असं माप होतंच, जवावरून मोजायची कल्पना काही एकट्या साहेबाची नाही.) रुंदीसाठी अक्षरं आहेत, पण ती ज्याच्या त्याच्या देशाची. 1920 च्या दशकात अमेरिकेत पाय मोजायचं एक सरकत्या पट्ट्यांचं धातूचं यंत्र निघालं, लांबी आणि रुंदी दोन्ही मोजणारं. तिथल्या हिशेबात पुरुषांचा नेहमीचा पाय डी, बायकांचा बी. त्यापुढे आणखी रुंद ते 2ई, 4ई. म्हणजे तेच डी अक्षर बायकांच्या बुटावर असलं की तो वाइड आणि पुरुषांच्या बुटावर असलं की साधा. जपानमध्ये हीच अक्षरं पंज्याच्या घेरावरून ठरतात, प्रत्येक अक्षराला 6 मिलिमीटर, आणि तिथे पुरुषांचा 2ई हा नेहमीचाच धरतात. त्यामुळे जपानी बुटावर 2ई वाचून खूश झालात तर पाय आत घातल्यावर कळतं.

शिवाय काही कंपन्यांच्या वाइड मॉडेलमध्ये खालचा सोल तोच असतो, फक्त वरच्या कापडाला ढील दिलेली असते, म्हणजे पाय मावतो खरा पण सोलच्या कडेवरून लोंबतो. आणि 'रुंद टो बॉक्स' ही तिसरीच भानगड, त्यात बोटांशी जागा असते पण पंज्याचा सगळ्यात रुंद भाग आवळलेलाच राहू शकतो. एक 'वाइड' आणि त्याच्या पोटात तीन मापं!

धावण्याचे बूट वेगवेगळ्या रुंदीत मिळणं ही काही आजची गोष्ट नाही, 1960 मध्येच बॉस्टनच्या एका कंपनीने लाटांसारख्या सोलचा असा बूट काढला होता. पण बहुतेकांनी एकाच रुंदीवर भागवलं आणि त्यामागे साधा हिशेब आहे. दहा नंबर गुणिले चार रुंद्या म्हणजे एका रंगाचे चाळीस डबे, प्रत्येक रुंदीला वेगळा फर्मा (ज्यावर बूट घडवतात तो पायाचा साचा), आणि एवढा माल रत्नागिरीच्या बाजारपेठेतला दुकानदार कुठे ठेवणार. म्हणून सगळीकडे एकच इलाज सांगतात, 'एक नंबर मोठा घ्या.' मला हा सल्ला चुकीचाच वाटतो. लांबी वाढली की बूट बोटांच्या पुढे वाकतो, टाच मागे उचलली जाते, आणि आमच्याकडे तर सपाट रस्ता शोधावा लागतो, उतारावर पाय पुढे सरकून नखं काळी होतात. ती टाच धरायला नाड्या करकचून बांधायच्या, मग वरून पाय सुन्न.

कुशनचा इतिहास सगळ्यांना थोडाफार माहीत असतो त्यामुळे पटकन सांगतो. 1970 च्या दशकात ईव्हीए नावाचा हलका फोम आला, त्याच दशकाच्या शेवटी हवेच्या पिशव्या, 1986 मध्ये जेल. मग 2009 च्या सुमारास दोन उलट्या हवा एकदमच सुटल्या, इकडे अनवाणी धावायचं वेड आणि तिकडे फ्रान्सच्या आल्प्समध्ये उतारावर धावण्यासाठी काढलेला भलामोठा जाड सोल. जिंकला जाड सोलच. 2017 नंतर त्यात कार्बनची प्लेट आली आणि उंची इतकी चढत गेली की 2020 मध्ये रस्त्यावरच्या शर्यतींसाठी 40 मिलिमीटरची मर्यादा घालावी लागली. रुंद पायवाल्यांना यात एक चकवा आहे. उंच सोल डुगडुगू नये म्हणून खालून पसरट करतात, फोटोत बूट होडीसारखा दिसतो आणि वाटतं आता पाय बसणार. पण आतली जागा वरच्या कापडावर ठरते आणि ती बऱ्याचदा निमुळतीच असते. (पावसाळ्यात हे जाड फोमवाले दोन दिवसात वाळत नाहीत, पेपरचे बोळे कोंबून फ्रिजमागे ठेवले तरी आतून ओलच, पण तो वेगळा विषय.)

आता अलीकडचं. 1 ऑगस्ट 2024 पासून बुटांवर भारतीय मानकाचा शिक्का सक्तीचा झाला आणि परदेशातल्या कारखान्यांनाही परवाना लागायला लागला. दर्जासाठी केलं, ठीक आहे, पण आधीच कमी खपणारी 2ई-4ई मॉडेलं त्या कागदपत्रांतून आधी कोण आणणार?

त्याच वर्षी 'भा' या भारतीय साइझची चर्चा सुरू झाली. डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात देशातल्या 79 ठिकाणी 1,01,880 लोकांचे पाय मोजले होते. आधी वाटत होतं की देशाच्या पाच भागांसाठी पाच वेगळ्या पद्धती लागतील, पण शेवटी सगळ्या देशाला एकच पुरेल असं ठरलं, लहान बाळापासून मोठ्यांपर्यंत आठ गट. भारतीय पाय मुळात जास्त रुंद असतात आणि लोक मोठ्या नंबरचे बूट घेऊन नाड्या आवळतात हेही त्यात निघालं, म्हणजे आमच्या पुलावरचीच तक्रार. साचा रुंद होणार हे उत्तम, पण लांबीला एकच रुंदी राहिली तर सरासरीच्या बाहेरचा पाय पुन्हा बाहेरच. अरुंद पायाच्या माणसाचंही मग आमच्यासारखंच होईल, फक्त उलटं.

तूर्त तरी इथल्या डब्यांवर यूके नंबरच दिसतोय. त्यामुळे गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांना आम्ही नंबर सांगणं सोडून दिलंय. संध्याकाळी, पाय थोडा सुजलेला असताना, कागदावर उभं राहून पेन्सिल सरळ धरून पाय आखायचा, लांबी आणि सगळ्यात रुंद जागा मोजायची आणि फोटो दादरला पाठवायचा. तिकडच्याने दुकानात बुटातला इनसोल, म्हणजे आतला सुटा तळवा, बाहेर काढून त्याच जागी पट्टी लावायची. माझी रुंदी सकाळी 10.8 सेंटीमीटर भरते, संध्याकाळी 11.1. गेल्या खेपेला भावाने सहा इनसोल मोजले, त्यातला एक बसला, तोही बायकांच्या चपलांशेजारच्या सेलच्या रॅकवरचा.