नागपूरचे सिमेंट रस्ते आणि लेव्हलचा घोळ

सिमेंट रस्त्यालगतच्या घरात पाणी शिरले की दोष काँक्रीटला जातो. पण या अडचणीची मुळे काँक्रीटच्या आधीची आहेत. नागपूर सुधार प्रन्यास ही शहरातल्या वसाहती आखणारी संस्था १९३६ च्या कायद्याने आली. तिने आखलेल्या ले-आउटमध्ये घरांची जोती तेव्हाच्या रस्त्याची लेव्हल धरून बांधली गेली. '५७२' आणि '१९००' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, मुळात अनधिकृत ले-आउटमध्ये क्रम उलटा: घरे आधी, रस्ता आणि गडरलाइन (सांडपाण्याची वाहिनी) मागाहून. तिथे लेव्हल ठरवली तरी कोणी?

२००० च्या सुमारास, टी. चंद्रशेखर महापालिका आयुक्त असताना, एकात्मिक रस्ते विकास कार्यक्रमात मुख्य रस्ते रुंद झाले. गल्ल्यांत मात्र डांबरावर डांबर चढतच राहिले. एक थर ४०-५० मिलिमीटरचा धरला तरी चार थरांत रस्ता वीतभर वर येतो. त्यावर १५०-२०० मिलिमीटरचे व्हाइट टॉपिंग, म्हणजे डांबरावरच ओतलेला काँक्रीटचा थर, टाकले की अंगणाचे फाटक रस्त्याच्या खाली जाते.

मग जुना रस्ता खोदून का काढत नाहीत? गिट्टी-मुरमाचा थर, त्यावर कमी सिमेंटचे पायाचे काँक्रीट आणि वरचा स्लॅब मिळून अर्धा मीटर तरी खाली जावे लागते. नेमके तिथेच नळाचे कनेक्शन आणि केबल असतात, अनेक भागांत काळी मातीही लागते. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. काढून मुरूम भरून दाबल्याशिवाय स्लॅब टिकत नाही. म्हणून इस्टिमेटात खोदकाम आले की बोलणी पुन्हा 'वरूनच टाका'वर येतात.

गडरचे चेंबर ही खरी दुखरी जागा. स्लॅब चेंबरला थेट चिकटवला की चौकोनी तोंडाच्या कोपऱ्यांतून तडे निघतात. भोवती डांबरी फळीचा सुटा सांधा हवा आणि स्लॅबचा आडवा सांधा शक्यतो चेंबरवरूनच न्यावा. तडा ठरलेल्या जागीच जावा म्हणून आडवे सांधे साधारण साडेचार मीटरवर, स्लॅबच्या पाव ते तिसऱ्या भागाइतके खोल कापतात. मे महिन्यात नागपूरच्या उन्हात काँक्रीट लवकर आवळते; कटर सकाळी आणू म्हटले तर रात्रीतच तडा स्वतःची वाट काढतो.

पाण्याचे गणित आणखी सोपे, पण बहुतेकदा सुटते तेच. डांबरी रस्त्याच्या कडेची कच्ची पट्टी पाणी मुरवायची. आता तिथे काँक्रीटवर बसवलेले पेव्हर ब्लॉक आहेत. १२ मीटर रस्त्याला दोन टक्के उतार दिला तर कडा मध्यापेक्षा १२० मिलिमीटर खाली येते. त्या कडेला पावसाळी नालीचे तोंड नसेल, किंवा ते जुन्याच लेव्हलवर पुरले गेले असेल, तर पाणी सरळ फाटकात जाते. यासाठी काम सुरू होण्याआधी प्रत्येक फाटकाची आणि नालीच्या तळाची लेव्हल घ्यावी, आणि सर्वांत खालच्या जोत्यावरून रस्त्याची उंची ठरवावी. नळ आणि केबलसाठी रस्त्याला आडवे रिकामे पाइपही त्याच वेळी टाकून ठेवावे, नाहीतर नवे कनेक्शन आले की स्लॅब फोडावा लागतो.