चावडीवरच्या फळ्यावरचा आकडा

दोन प्रोग्रॅमना एकच माहिती वापरायची असेल, तर एकाने दुसऱ्याला मेमरीतला पत्ता सांगायचा, झालं काम! संगणक शिकलेली मंडळीही असं म्हणतात तेव्हा राहवत नाही. आयबीएमच्या मेनफ्रेमवर, म्हणजे बँकांसारख्या मोठ्या संस्थांच्या महासंगणकासारख्या यंत्रावर, झेड/ओएस या त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये, प्रत्येक कामाला स्वतःची ॲड्रेस स्पेस, म्हणजे पत्त्यांची स्वतंत्र यादी, असते. माझा पत्ता ५००० आणि तुमचा ५००० या दोन वेगळ्या जागा. पाच नंबरचा फ्लॅट प्रत्येक सोसायटीत असतोच की!

म्हणून मेमरीचा एक भाग सगळ्यांना एकाच पत्त्यावर दिसेल असा राखलेला असतो: कॉमन सर्व्हिस एरिया. गावच्या चावडीवरचा फळाच तो. खडू मात्र कुणाच्याही हाती पडत नाही. मेमरीच्या प्रत्येक ४ केबी तुकड्याला चार बिटांची किल्ली असते. चालू कामाकडेही एक किल्ली असते. शून्य ही किल्ली सगळीकडे चालते; बाकीच्यांची तुकड्याच्या किल्लीशी जुळली नाही, तर लिहिता येत नाही.

खरी गंमत पुढे आहे. फळ्यावर ५०० आहे आणि दोघांना त्यात एकेक मिळवायचा आहे. दोघांनी एकाच वेळी ५०० वाचलं, दोघांनी ५०१ लिहिलं. एक भर हरवली. यावर १९७०च्या दशकात, आयबीएमच्या सिस्टिम/३७० या मेनफ्रेम मालिकेत, कम्पेअर अँड स्वॅप ही प्रोसेसरला द्यायची सूचना आली. ती म्हणते: फळ्यावर अजून ५०० असेल तरच ५०१ लिही, नसेल तर आत्ता काय आहे ते मला दे. मग नव्या आकड्यावरून पुन्हा प्रयत्न. तपासणं आणि लिहिणं यांच्यामध्ये दुसरा कुणीही घुसू शकत नाही, हे प्रोसेसर स्वतः सांभाळतो. कुलूप नाही, रांग नाही!

१९९१ साली स्टुअर्ट ऑल्सॉप या पत्रकाराने शेवटचा मेनफ्रेम १५ मार्च १९९६ रोजी बंद होईल असं भाकीत केलं होतं. तारीखवार भाकितं ग्रहांच्या नावाने केलेली असोत वा तंत्रज्ञानाच्या, त्यांना पुरावा मागावा. २०२५ मध्ये आयबीएमचा झेड१७ हा मेनफ्रेम आला, आणि कम्पेअर अँड स्वॅप ही सूचना त्यातही आहे.

तरी एक फट उरते. रिकाम्या तुकड्यांच्या साखळीत पहिला 'अ', त्यामागे 'ब'. 'अ' काढून 'ब'ला पुढे आणायचं, एवढं मी ठरवतो. तेवढ्यात इतरांनी 'अ' नेला, 'ब' नेला आणि 'अ' परत ठेवला. मला पुढे 'अ'च दिसतो, तुलना जुळते, आणि दुसऱ्याच्या वापरातला 'ब' मी रिकामा म्हणून पुढे आणतो. म्हणून कम्पेअर डबल अँड स्वॅप वापरतात: पहिल्या तुकड्याच्या पत्त्याच्या शेजारी एक मोजणी ठेवायची, दर बदलाला एकाने वाढवायची आणि दोन्ही एकदम तपासायची. 'अ' परत आला तरी मोजणी ७ची १० झालेली असते, आणि तुलना जुळत नाही.