बारकोड आला कुठून, आणि आपल्या किराणा दुकानात एवढा उशिरा का पोचला

बारकोड म्हटलं की पुण्यात लोकांना डी-मार्टचं काउंटर आठवतं, पण पेठेतल्या साध्या किराणावाल्याकडच्या साबण-बिस्किटांवर पण त्या काळ्या रेघा कधीपासून छापून येतायत, त्या वाचणारं मशीनच दुकानात नव्हतं. म्हणजे माल बनवणारा आधी बदलला आणि विकणारा निवांत मागून आला. अमेरिकेत पण हे गाडं बरीच वर्षं अडलेलं, फक्त तिथली कारणं वेगळी.

तिथली गोष्ट १९४८ ची. फिलाडेल्फियातल्या ड्रेक्सेल इन्स्टिट्यूटमध्ये एका किराणा साखळीचा मुख्य माणूस डीनच्या मागे लागलेला, की गिऱ्हाईकानं काय काय घेतलं ते काउंटरवर आपोआप टिपता येईल असं काहीतरी करून द्या. डीननं नाही म्हटलं, पण बर्नार्ड सिल्व्हर नावाच्या विद्यार्थ्यानं ते ऐकलं आणि मित्राला, नॉर्मन वुडलंडला सांगितलं. वुडलंडला मोर्स कोड (तारेनं निरोप पाठवायची टिंब-डॅशची लिपी) येत होता, तो मायामीच्या बीचवर बसून वाळूत टिंब आणि डॅश काढत होता, तीच टिंबं त्यानं बोटांनी खाली ओढली आणि जाड-बारीक रेघा तयार झाल्या. १९५२ ला पेटंट मिळालं, उपयोग काहीच नाही, कारण वाचायला ५०० वॅटचा दिवा लागायचा आणि कॉम्प्युटर म्हणजे खोलीभर धूड. पुढं लेझर आला, कॉम्प्युटर लहान झाले, तोवर सिल्व्हर १९६३ मध्येच वारला, बिचाऱ्याला काहीच बघायला मिळालं नाही.

मग तिथल्या किराणा कंपन्या आणि दुकानदार एकत्र बसले आणि एप्रिल १९७३ मध्ये आयबीएमच्या जॉर्ज लॉररचं डिझाइन ठरलं. आरसीए कंपनीचं गोल गोल डिझाइन पण स्पर्धेत होतं, पण छापताना शाई जरा ओढली गेली की ते वाचता येईना, उभ्या रेघा मात्र थोड्या लांबल्या तरी चालतं. २६ जून १९७४ ला ओहायोतल्या ट्रॉय गावी मार्शच्या सुपरमार्केटमध्ये च्युइंगमचं पाकीट स्कॅन झालं, ६७ सेंटचं.

आणि मग सगळं अडलं. दुकानदार म्हणे मालावर कोडच नाही तर महागडा स्कॅनर कशाला घेऊ, कंपन्या म्हणे स्कॅनरच नाहीत तर सगळी पाकिटं नव्यानं कशाला छापू. शिवाय प्रत्येक वस्तूवर किमतीचं लेबल चिकटवायचं काम जाणार म्हणून युनियन चिडल्या, आणि किंमतच दिसणार नाही म्हणून ग्राहक संघटना पण. मोठ्या डिस्काउंट साखळ्यांनी १९८० नंतर कोड नसेल तर माल नको म्हणायला सुरुवात केली तेव्हा कुठं गाडी हलली. खरा फरक माझ्या मते इथं पडला, कारण कुठल्या दिवशी काय किती खपलं हे आता दुकानदाराला रोजच्या रोज कळायला लागलं, आधी कंपनीचा सेल्समन सांगेल ते ऐकायचं, आता आकडे दाखवून घासाघीस करायची, न खपणारा माल शेल्फवरून काढायचा, आणि जे खपतं तसंच स्वतःच्या ब्रँडनं काढायचं.

आपल्याकडं ईएएन इंडिया, म्हणजे कंपन्यांना बारकोडचे नंबर देणारी संस्था, १९९६ ला सुरू झाली, तेच आताचं जीएस१ इंडिया, त्यांच्याकडच्या कोडची सुरुवात ८९० नी होते (आणि ८९० म्हणजे माल भारतात बनला असं नाही हां, कंपनीनं नोंदणी इथं केलीय एवढंच). पण किराणावाल्याला गरजच वाटली नाही, कारण आपल्याकडं कंपनीच पाकिटावर एमआरपी छापून देते, म्हणजे अमेरिकेतल्या दुकानदाराचा लेबल चिकटवायचा जो खर्च वाचला तो आपल्याला कधी नव्हताच. उलट भानगड वाढली, जुना स्टॉक ४५ चा, नवा ४८ चा, आणि कोड दोन्हीवर तोच, म्हणून इथल्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये एका कोडला अनेक एमआरपी ठेवायची सोय करावी लागते. २०१७ ला जीएसटी आला तेव्हा हिशोबासाठी का होईना बऱ्याच जणांनी कॉम्प्युटर घेतला, मग स्कॅनर पण आला.

छोट्या उत्पादकाला मात्र सुटका नाही. मेतकूट, चटण्या, मसाले करणाऱ्या ताईंना मॉलमध्ये माल ठेवायचा तर आधी नोंदणी, तिची फी, मग छपाई, आणि त्यात मिरचीच्या पाकिटावर लाल रेघांचा कोड छापला की संपलं, स्कॅनरचा उजेड लाल असतो त्यामुळं त्याला लाल रंग पांढराच दिसतो.

गंमत म्हणजे किराणावाल्यानं रेघांच्या आधी चौकोन उचलला. क्यूआर कोड १९९४ ला जपानमध्ये डेन्सो वेव्हनं काढला तो गाड्यांच्या कारखान्यातल्या पार्टसाठी, आपल्या चाकण-भोसरीत जे काम चालतं तसल्याच, आणि इथं तो यूपीआयमुळं भाजीच्या गाडीवर पण लटकतोय. आता जीएस१ म्हणतंय २०२७ च्या शेवटापर्यंत जगभरच्या काउंटरवर असे चौकोनी कोड वाचता आले पाहिजेत, त्यात बॅच आणि एक्स्पायरी पण बसते. एमआरपी पण त्यात टाकायला लागले तर ते ४५-४८ चं भांडण मिटेल, पण त्यासाठी किराणावाल्याला नवा स्कॅनर घ्यावा लागेल, जुना लेझरवाला फक्त रेघाच वाचतो.