मारी: झऱ्यांनी वसवलेले, डिझेलने मागे टाकलेले गाव

दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात, अ‍ॅडलेडपासून रस्त्याने साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास मारी आहे. वस्ती शंभराच्या आतबाहेर. वर्षाचा सरासरी पाऊस 160 मिलिमीटरच्या घरात, म्हणजे माणदेशाच्या सरासरीच्या निम्माही नाही. गावातून दोन कच्चे रस्ते फुटतात. एक उत्तरेला बर्ड्सव्हिलपर्यंत 517 किलोमीटर, दुसरा वायव्येला ऊडनाडाटावरून मार्लापर्यंत सहाशेहून अधिक. पर्यटक मारी ओळखतात ते या रस्त्यांमुळे, किंवा गावाच्या पश्चिमेला 1998 मध्ये जमिनीवर कोरलेल्या अवस्थेत सापडलेल्या अडीच किलोमीटरहून लांब मानवाकृतीमुळे. ती कोणी कोरली याची चर्चा अजून होते, पण गावाच्या इतिहासाशी तिचा संबंध नाही. मारी जिथे आहे तिथेच का वसले, याचे उत्तर जमिनीखालच्या पाण्यात आहे आणि ते मागे का पडले याचेही.

क्वीन्सलंडच्या डोंगरपट्ट्यात मुरलेला पाऊस वालुकाश्मातून पश्चिमेकडे झिरपत येतो. या भूजल खोऱ्याचा विस्तार सुमारे 17 लाख चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या साडेपाचपट. नैऋत्य काठावर हे पाणी, मुरल्यानंतर लाखो वर्षांनी, दाबाखाली वर येते आणि सोबतचे क्षार व वाळू साठून झऱ्याभोवती उंचवटे तयार होतात. अशा झऱ्यांची साखळी एअर सरोवराच्या दक्षिण-पश्चिम कडेने उत्तरेकडे जाते. अरबाना आणि दिएरी या इथल्या आदिवासी लोकांच्या वाटा याच साखळीने चालत. 1859 ची शोधमोहीम तिच्याच आधाराने उत्तरेला सरकली. 1872 मध्ये पूर्ण झालेली डार्विनपर्यंतची तारायंत्राची लाइनही तिच्याच लगत गेली. इथल्या झऱ्याला 1859 च्या मोहिमेतल्या जर्मन वनस्पतीतज्ज्ञाचे नाव मिळाले, तेच गावाला लागले आणि पहिल्या महायुद्धात जर्मन नावे पुसण्याच्या लाटेत 1918 मध्ये ते बदलून मारी झाले.

1884 मध्ये पोर्ट ऑगस्टाहून निघालेली रेल्वे इथवर पोचली. रूळ साडेतीन फुटी, म्हणजे 1067 मिलिमीटर गेजचे (गेज म्हणजे दोन रुळांमधले अंतर). निवड पैशाच्या हिशेबाने झाली होती: हलके रूळ, कमी भराव, लहान पूल. वाफेच्या इंजिनाला ठरावीक अंतरावर पाणी लागतेच, म्हणून मार्गही झरे आणि बोअर पाहून ठरला. पण झऱ्यांचा पट्टा म्हणजेच सखल भाग. भराव इतका बुटका, की कोरड्या नद्यांना पूर आला की खडी वाहून जाई आणि रूळ अधांतरी लोंबकळत. लाकडी स्लीपर वाळवी पोखरे. त्यात खारे पाणी बॉयलरमध्ये चुन्याचे थर धरी आणि नळ्या गळू लागत. त्यासाठी उत्तरेकडच्या बेरेसफर्ड, कर्डिमर्का अशा स्टेशनांवर पाणी मृदू करणाऱ्या उंच लोखंडी टाक्या उभारल्या. त्या आजही रस्त्यावरून दिसतात. लाइन 1891 मध्ये ऊडनाडाटाला आणि 1929 मध्ये अ‍ॅलिस स्प्रिंग्जला पोचली.

रूळ संपत तिथून उंट सुरू होत. 1866 मध्ये कराचीहून शंभराहून अधिक उंट आणि तीसेक उंटवाले पोर्ट ऑगस्टाला उतरले, आणि पुढच्या दशकांत आणखी बरेच आले. कागदोपत्री सगळ्यांना सरसकट अफगाण म्हटले गेले. प्रत्यक्षात त्यांतले कित्येक बलुचिस्तान, सिंध, पंजाब आणि पेशावरचे, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानातले होते. मोठा नर उंट पाचशे-सहाशे किलो उचले, पण भार दोन्ही बाजूंना सारखा बांधावा लागे. तोल गेला की पलाण पाठीला घासे, जखम होई आणि तो उंट कित्येक आठवडे कामातून जाई. मारीत रेल्वेच्या पश्चिमेला युरोपीय वस्ती, हॉटेल आणि दुकाने, तर पूर्वेला उंटवाल्यांची आणि आदिवासींची घरे, खजुराची झाडे आणि मातीच्या भिंतींची छोटी मशीद. रूळ हीच हद्द होती आणि ती पिढ्यान् पिढ्या पाळली गेली. 1901 च्या स्थलांतर कायद्याने नवे उंटवाले येणे जवळजवळ थांबले. मालमोटारी आल्यावर 1925 च्या राज्य कायद्याने मोकाट उंट मारण्याची मुभा दिली. अनेकांनी गोळी घालण्याऐवजी आपले उंट वाळवंटात सोडून दिले. ज्यांच्या पाठीवर हा सगळा मुलूख चालला, त्यांच्याशी राज्याने केलेला हा व्यवहार गावाच्या बहुतेक माहितीपत्रकांत एका ओळीत उरकलेला असतो.

गावाच्या इतिहासातला सर्वांत वादाचा निर्णय मात्र त्यानंतरचा, 1950 च्या दशकातला आहे. ली क्रीकचा कोळसा पोर्ट ऑगस्टाच्या वीजकेंद्रात न्यायला जुनी अरुंद लाइन अपुरी पडू लागली. म्हणून फ्लिंडर्स डोंगररांगेच्या पश्चिमेच्या सपाटीवरून 1435 मिलिमीटरची नवी स्टँडर्ड गेज लाइन टाकण्यात आली. कोळशाला ती ली क्रीकपर्यंत पुरेशी होती. ती पुढे मारीपर्यंत नेली गुरांसाठी, आणि 1957 मध्ये तिथेच थांबवली. उत्तरेची अरुंद लाइन तशीच राहिली.

मनमाडच्या यार्डात मीटरगेजचा माल ब्रॉडगेजमध्ये भरताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना याचा अर्थ लगेच कळेल. अ‍ॅलिस स्प्रिंग्जहून आलेला प्रत्येक प्रवासी, प्रत्येक पोते आणि प्रत्येक जनावर मारीत उतरवून दुसऱ्या गाडीत चढवायचे. गुरांचे काम सर्वांत नाजूक. उपाशीतापाशी आलेला कळप कुंपणाच्या आवारात घ्यायचा, पाणी पाजायचे, विसावा द्यायचा आणि मग उतारावरून रुंद डब्यात हाकायचा. घाई केली तर जनावरे एकमेकांवर आदळत, मुका मार बसलेले मांस कापून टाकावे लागे आणि भाव पडे. बर्ड्सव्हिलच्या रस्त्याने पायी येणारे कळप वेगळेच. दिवसाला पंधरा-सोळा किलोमीटर, म्हणजे महिन्याहून अधिक चाल. वाटेवरच्या सरकारी बोअरांचे पाणी जमिनीतून जवळजवळ उकळते येई, ते लांब चरातून निवत नेल्याशिवाय जनावरांना पिता येत नसे.

या अदलाबदलीने मारीला हमाल, फिटर, कारकून आणि गार्ड यांची वस्ती दिली. गावाची भरभराट म्हणून सांगितली जातात ती हीच वर्षे. म्हणून 1980 मध्ये टारकुला ते अ‍ॅलिस स्प्रिंग्ज ही 831 किलोमीटरची नवी लाइन सुरू झाली आणि जुनी बंद पडली, तेव्हा मारीचा घात तिथे झाला असे मानले गेले. टारकुला मारीच्या पश्चिमेला तीनशे किलोमीटरहून दूर आहे. गाडी पुन्हा कधी गावात येणार नव्हती.

हे मत अर्धेच खरे आहे. नव्या लाइनला उंच, कोरडा मार्ग आणि वाळवी न लागणारे काँक्रीटचे स्लीपर मिळाले, कारण तोवर इंजिनाला पाण्याची गरजच उरली नव्हती. अरुंद लाइनवर डिझेल इंजिने 1954 पासूनच धावू लागली होती. म्हणजे रुंद रूळ मारीला पोचण्याआधी तीन वर्षे झऱ्यांजवळून जाण्याचे कारण संपले होते, आणि पुराचा धोका तेवढा शिल्लक होता. 1974 च्या महापुरांनी तो पुन्हा दाखवून दिला. 1957 मध्ये दोनच गोष्टी शहाणपणाच्या होत्या: कोळशाच्या खाणीशी थांबणे, नाहीतर गेज बदलत थेट उत्तरेला जाणे. मध्येच थांबून अख्ख्या गावाचा रोजगार गेजच्या फरकावर उभा करणे, ही चूक होती. तिची किंमत तिथे घरे बांधून राहिलेल्या कामगारांनी मोजली. रोड ट्रेन नावाच्या, अनेक ट्रेलर जोडलेल्या ट्रकांनी 1960 च्या दशकापासून गुरेही रस्त्यावर नेली आणि मारीची रुंद लाइन 1987 पर्यंत बंद झाली.

पाण्याची कथा त्यानंतरही चालूच आहे. उघड्या चरांतून वाहणाऱ्या बोअरच्या पाण्यातले नव्वद टक्क्यांहून अधिक बाष्पीभवनात आणि जमिनीत जाई, त्याने खोऱ्याचा दाब घटला आणि काही झरे आटले. आता बोअरच्या तोंडाला झडप बसवून, पाणी थंड करून, बंद पाइपातून हौदात नेण्याची पद्धत आहे. 1988 मध्ये सुरू झालेली नैऋत्येची मोठी तांबे-युरेनियम खाणही याच खोऱ्यातून पाणी घेते. त्यावर सर्वांत सातत्याने आवाज उठवला तो अरबाना लोकांनी. 2012 मध्ये न्यायालयाने त्यांचा पारंपरिक भूहक्क मान्य केला.

आज गावाला नगरपालिका नाही, सगळा टापू महापालिका-क्षेत्रांच्या बाहेर आहे. बर्ड्सव्हिलच्या रस्त्यावर पहिले इंधन 204 किलोमीटरवर मंगरेनीला मिळते, तिथून पुढे 313 किलोमीटर काहीच नाही. धारदार दगडगोट्यांनी टायर फाटतात, म्हणून दोन जादा चाके आणि माणशी दिवसाला किमान दहा लिटर पाणी घेऊनच निघतात. पाऊस पडला की रस्ता बंद होतो आणि बंद असताना गाडी घातली तर दंड होतो, कारण ओल्या मातीत पडलेल्या चाकोऱ्या वाळल्यावर महिनोन् महिने तशाच राहतात.