जुनी एअर रायफल दुरुस्त करताना स्प्रिंगपेक्षा हवा सांभाळा

वर्षानुवर्षे पडून राहिलेली स्प्रिंगची एअर रायफल हातात आली, की बहुतेक जण निदान करून मोकळे होतात: स्प्रिंग गेली. छर्रा पुठ्ठ्यातून आरपार जात नाही, आवाज पोकळ येतो, म्हणजे स्प्रिंग बदला, आणि बदलायचीच तर चांगली दणकट टाका. या घाईने चांगल्या बंदुकांची वाट लागते, असे माझे ठाम मत आहे. स्प्रिंग छऱ्याला कधी शिवतसुद्धा नाही. छऱ्याला ढकलते ती हवा, आणि जुन्या बंदुकीत बऱ्याचदा आधी निकामी होतो तो ही हवा कोंडून धरणारा चामड्याचा वॉशर.

नळी खाली वाकवून बंदूक भरली, की पिस्टन मागे सरकतो, स्प्रिंग दबते आणि पिस्टन खटक्यात अडकतो. चाप ओढताच स्प्रिंग पिस्टनला पुढे फेकते. सिलिंडरमधली हवा दबत जाते आणि समोरच्या बारीक भोकातून छऱ्याच्या मागे पोचते. हे सगळे सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास उरकते, आणि सगळी गंमत या वेगातच आहे. हवा सावकाश दाबून तिचे आकारमान एक दशांश केले, तर दाब दहापट होतो, कारण दाबताना निर्माण झालेली उष्णता बाहेर पडायला वेळ मिळतो. तीच हवा झटक्यात दाबली, तर उष्णता आतच अडकते. आदर्श गणितानुसार दाब सुमारे 25 पट होतो आणि 27 अंश सेल्सियसची हवा 480 अंशांच्या घरात जाते. प्रत्यक्षात थोडी उष्णता धातू शोषून घेतो, थोडी हवा निसटते, त्यामुळे आकडे कमी भरतात. तरीही छऱ्यामागे येते ती हवा चांगलीच तापलेली असते.

छर्रा सुरुवातीला जागचा हलत नाही. पिस्टन प्रवासाच्या अगदी शेवटाला आला, की दाब इतका वाढतो की छर्रा सुटतो, आणि तोच दाब पिस्टनलाही थोपवून किंचित मागे उसळवतो. म्हणून या बंदुकीला दोन धक्के असतात. पिस्टन पुढे धावतो तेव्हा बंदूक मागे येते, तो थोपला गेला की पुढे झेपावते. दारूच्या रायफलीवर बिनतक्रार चालणारी दुर्बीण एअर रायफलीवर खिळखिळी होते, ती या दुसऱ्या, उलट्या धक्क्यामुळे. छर्रा न घालता चाप ओढू नये याचेही कारण हेच. हवेला अडवणारे कोणी नसले, की ती आधीच निघून जाते आणि पिस्टन थेट सिलिंडरच्या टोकावर आदळतो.

आता दणकट स्प्रिंगचा मोह पाहू. रॉबर्ट हूकने स्प्रिंगचा नियम 1678 मध्ये मांडला: जितका ताण, तितका जोर. पण गुंडाळीच्या स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानुसार वाढतो. बाकी मापे तीच ठेवून 3 मिलिमीटरऐवजी 3.3 मिलिमीटर तार घेतली, तर स्प्रिंग तब्बल 46 टक्के ताठ होते. वेग मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. अर्धा ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 175 मीटर वेगाने सुटला, तर त्याच्याकडे साडेसात ज्यूलहून थोडी जास्त ऊर्जा असते. स्प्रिंगमध्ये साठवलेल्या ऊर्जेचा हा साधारण एक तृतीयांश हिस्सा. बाकीची घर्षणात, उष्णतेत आणि पिस्टनच्या उसळण्यात जाते. जोर वाढवला की ही उसळी वाढते, वॉशर चेचला जातो, नळीच्या सांध्याची खीळ झिजते. मूळ बनवणाऱ्याने पिस्टनचे वजन, भोकाचा व्यास आणि स्प्रिंग यांचा मेळ घातलेला असतो. तो मोडू नये. स्प्रिंग तुटली असेल, वाकडी झाली असेल किंवा फारच आखडली असेल तर जरूर बदलावी, पण मूळ मापाचीच घ्यावी.

उघडताना एक गोष्ट ध्यानात ठेवायलाच हवी: बंदूक भरलेली नसली, तरी आतली स्प्रिंग थोडी दबलेलीच असते. मागचा बूच किंवा पिना नुसत्या काढल्या, तर स्प्रिंग उसळून तोंडावर येऊ शकते. नळीत छर्रा नाही याची खात्री करा, डोळ्यांवर चष्मा चढवा आणि स्प्रिंग दाबून धरणाऱ्या लांब शिकंज्यातच हे काम करा. डायना 27 सारख्या जुन्या बंदुकांच्या खटक्यात तीन बारीक पोलादी गोळ्या असतात. त्या घरंगळून जातात, म्हणून खाली ताट ठेवावे. परत बसवताना त्या ग्रीसने चिकटवल्या की जागेवर राहतात.

पिस्टन बाहेर आला, की त्याचे तोंड नीट पाहा. सुकलेला वॉशर नखाने दाबला तर दबत नाही, कडेला चिरा दिसतात, कधी एका बाजूची कड झिजून चकचकीत झालेली असते. सायकलच्या पंपातल्या वायसरसारखाच हा वाटीच्या आकाराचा असतो आणि वाटीचे तोंड पुढे असते. दबलेली हवा वाटीत शिरून तिची कड सिलिंडरच्या भिंतीवर दाबते. दाब जितका जास्त, तितकी पकड घट्ट. पण त्यासाठी चामडे मऊ हवे, आणि कोरडे झालेले चामडे पसरत नाही. चामडे नुसते वाळलेले असेल, तर चामड्याच्या तेलात मुरवल्यावर ते पुन्हा कामाला येते. चिरले असेल तर नवे घालावे. बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्सने 1905 पासून लिंकन जेफ्रीज यांच्या रचनेवर बनवलेल्या रायफलींतही चामडेच होते. नंतरच्या काही बंदुकांत प्लास्टिकची सीले आली. त्यांतली काही पॉलियुरेथेनची सीले दमटपणाने कुजतात आणि सिलिंडरमध्ये त्यांचा चिकट चुरा सापडतो. तो पूर्ण पुसून काढावा.

तेलाच्या बाबतीत हात आखडताच बरा. पिस्टनच्या पुढे जादा तेल राहिले, तर तापलेल्या हवेत ते डिझेल इंजिनातल्यासारखे पेटते. धूर येतो, मोठा आवाज होतो, छर्रा जोरात सुटल्यासारखे वाटते आणि माणूस खूश होतो. प्रत्यक्षात तो स्फोट स्प्रिंग आणि वॉशर दोन्हींना मारक असतो. मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे ग्रीस पिस्टनच्या बाजूंना आणि स्प्रिंगला बोटाने पातळ फासावे. वॉशरच्या पुढे मात्र काही लावू नये.

बाहेरच्या गंजासाठी पॉलिश पेपर उचलण्याआधी रसायनशास्त्राची मदत घ्या. लाल गंज म्हणजे लोखंडाचे पाणीयुक्त ऑक्साइड, तर बंदुकीचा जुना काळा रंग हे बहुतेक वेळा मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचेच दुसरे ऑक्साइड. सुटे केलेले पोलादी भाग ऊर्ध्वपातित पाण्यात अर्धा तास उकळले, की लाल थराचे काळ्यात रूपांतर होते. वरची काळी पूड अगदी बारीक स्टील वूलने हलकेच पुसली, की खाली घट्ट चिकटलेला काळा थर उरतो. मग लगेच तेलाचा हात फिरवावा. स्प्रिंग मात्र कधीही ज्योतीवर तापवू नका, तिचा ताव, म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणा, उतरतो. खटक्याच्या कडांना कानसही लावू नका. त्यांचा कठीण थर पातळ असतो. तो घासला गेला, की खालचा मऊ धातू झिजत जातो आणि एक दिवस बंदूक आपोआप सुटते.

जोडणी झाल्यावर बंदुकीमागे-पुढे कोणी नाही हे पाहून, भक्कम आडोशासमोर काही छर्रे मारावेत. पहिले काही धुरकट निघतील, मग वेग स्थिरावतो. क्रोनोग्राफ, म्हणजे छऱ्याचा वेग मोजणारे यंत्र असेल, तर सर्वांत मोठ्या आकड्यापेक्षा छऱ्याछऱ्यातला फरक किती आहे ते पाहा. फरक मोठा येत असेल, तर नळीच्या सांध्यावर पातळ कागदाची पट्टी सैल ठेवून एक छर्रा मारा. पट्टी फडफडली, तर हवा तिथूनच निसटते आहे. नळीच्या सांध्याकडच्या तोंडाचा छोटा वॉशर बदला, पिस्टन पुन्हा उघडायचे कारण नाही.