मिरवणुकीच्या व्हिडिओत व्हायरस असतो का?

बेळगावात शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक रात्री रंगते आणि उजाडलं तरी संपत नाही. तिचे व्हिडिओ मग महिनाभर या फोनवरून त्या फोनवर, पेनड्राइव्हमधून लॅपटॉपवर फिरत राहतात. अशीच एक फाईल घेऊन खानापूरकडचा एक विद्यार्थी माझ्याकडे आला. "सर, जरा बघा की. डबल क्लिक केलं तर काहीच दिसंना. आणि तेव्हापासनं लॅपटॉप नुसता हँग व्हायलाय."

फाईलवर नेहमीच्या व्हिडिओ प्लेअरचं चित्र होतं. नाव 'मिरवणूक डॉट एमपीफोर'. माझी नजर मात्र आकारावर अडकली: ८४० केबी. फोनवर घेतलेल्या साध्या एचडी व्हिडिओचं एक मिनिटसुद्धा ६० ते १३० एमबी खातं. तासाभराचे चित्ररथ ८४० केबीत मावणार कुठून?

विंडोज फाईलनावाची शेवटची अक्षरं आपल्यापासून लपवून ठेवतं. 'व्ह्यू'मध्ये जाऊन ती दाखवायला सांगितली, तेव्हा खरं नाव समोर आलं: 'मिरवणूक डॉट एमपीफोर डॉट ईएक्सई'. म्हणजे तो व्हिडिओ नव्हताच, प्रोग्रॅम होता. वरचं चित्र तर प्रोग्रॅम बनवणाऱ्याला हवं ते लावता येतं. खात्रीसाठी फाईलचे कच्चे बाइट उघडून दाखवले. सुरुवातीलाच दोन इंग्रजी अक्षरं होती, एम आणि झेड. विंडोजच्या प्रत्येक ईएक्सई फाईलची सुरुवात याच दोन अक्षरांनी होते. विंडोजआधीच्या डॉसच्या काळात हा साचा आखणारे मायक्रोसॉफ्टचे अभियंते मार्क झ्बिकोव्स्की यांची ती आद्याक्षरं. एमपीफोर फाईलमध्ये पाचव्या बाइटपासून 'एफटीवायपी' अशी चार अक्षरं दिसतात. नाव बदलणं सोपं असतं, पण ईएक्सईची ही एम-झेड खूण बदलली तर ती चालतच नाही.

ही युक्ती जुनीच आहे. मे २००० मध्ये जगभर पसरलेला 'आय लव्ह यू' व्हायरस टीएक्सटी फाईलचा मुखवटा घालून आला होता. नावाच्या शेवटी लपलं होतं 'व्हीबीएस', म्हणजे तोही प्रोग्रॅमच. आज आपल्याकडे तोच प्रकार लग्नपत्रिकेच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर येतो आणि शेवटी 'एपीके' असतं, म्हणजे अँड्रॉइड अ‍ॅपची फाईल. पत्रिका फोटो असेल, पीडीएफ असेल, व्हिडिओ असेल. ती कधीही इन्स्टॉल करावी लागत नाही. तसं केलं की ते अ‍ॅप मेसेज वाचण्याची परवानगी मागतं आणि बँकेचा ओटीपी परस्पर पलीकडे जातो.

मग खऱ्याखुऱ्या व्हिडिओची भीती नाहीच का? प्रश्नाचा हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

अभंगाची वही स्वतः गात नाही, बुवा ती वाचून गातात. व्हिडिओ, गाणं, फोटो या सगळ्या अशा वह्या आहेत आणि प्लेअर म्हणजे गाणारा. म्हणूनच फोटोत कुणी कोड लपवला, तरी तो बाहेर काढून चालवणारा दुसरा प्रोग्रॅम नसेल तर तो तसाच पडून राहतो. धोका होतो तो प्लेअरच्या वाचण्यातच चूक असेल तेव्हा.

२०१५ साली जोशुआ ड्रेक या संशोधकाने अँड्रॉइडमधली अशीच चूक उघड केली. स्टेजफ्राइट हे तिचं नाव. एमपीफोर फाईल तुकड्यातुकड्यांची असते आणि प्रत्येक तुकड्याआधी त्याची लांबी लिहिलेली असते. प्लेअर त्या लांब्यांची बेरीज करून तेवढी जागा राखतो. पण ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९५ च्या पुढचा आकडा बसत नाही. जुन्या स्कूटरच्या मीटरवर ९९९९९ नंतर पुन्हा सगळी शून्यं येतात, तशी ही बेरीज उलटते आणि मोठ्या मालासाठी जागा मिळते इवलीशी. गिरणीत ओळीने डबे लावलेत आणि दोन किलोच्या डब्यात कुणी पोतंभर पीठ ओतलं असं समजा. पीठ शेजारच्या डब्यांत सांडणार. फोनच्या मेमरीत त्या शेजारच्या डब्यांत प्रोग्रॅमने पुढे काय करायचं याची नोंद असू शकते. हल्लेखोर सांडणारं 'पीठ' असं मोजून तयार करतो की त्या नोंदीच्या जागी त्याचा हुकूम जाऊन बसतो. काही फोनवर तर असा व्हिडिओ एमएमएसने आला की उघडण्याचीही गरज नव्हती, कारण फोन तो आपणहून तपासायचा.

२०२१ मध्ये आयफोनवर याहून अवघड हल्ला सापडला. नावात 'जिफ', आत पीडीएफ, आणि त्या पीडीएफमधल्या चित्रात ७०,००० हून जास्त आज्ञा अशा जुळवलेल्या की त्यांतून एक छोटा संगणकच उभा राहावा. पेगॅसस हेरगिरीत वापरलेलं हे हत्यार. असली हत्यारं फार महाग असतात आणि निवडक माणसांवर चालवली जातात. तुमच्या-माझ्या वाट्याला येतो तो 'डॉट ईएक्सई'वाला.

तरीही अपडेट टाळणाऱ्यांवर माझा राग आहे, आणि तो काळजीपोटी आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी प्रकारची चित्रं वाचणाऱ्या लायब्ररीत (अनेक प्रोग्रॅम वापरतात अशा तयार कोडमध्ये) अशीच सांडण्याची चूक निघाली. क्रोम, फायरफॉक्स आणि इतर कितीतरी प्रोग्रॅम एकाच वेळी उघडे पडले. दुरुस्ती लगेच आली, पण ज्यांनी अपडेट केलं त्यांच्यापुरतीच. कन्नड सिनेमासाठी आमची पोरं सबटायटल उतरवून घेतात. २०१७ मध्ये तर सबटायटलच्या फाईलमधूनही संगणक ताब्यात घेता येतो हे चेक पॉइंट या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी व्हीएलसी आणि कोडी या प्लेअरांवर दाखवून दिलं होतं. तेही अपडेटनेच बंद झालं. आणि 'व्हिडिओ बघायचा तर हा कोडेक (व्हिडिओ उलगडणारा प्रोग्रॅम) डाउनलोड करा' असं कुठे दिसलं, तर खिडकी तिथेच बंद करावी.

त्या मुलाचा लॅपटॉप आधी इंटरनेटपासून तोडला. फोटो आणि अभ्यासाच्या फाईली काढून घेतल्या, विंडोज नव्याने टाकलं, आणि ईमेल व बँकेचे पासवर्ड त्याच्या आईच्या फोनवरून बदलायला लावले. पैसे गेले असते तर आधी १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला फोन लावला असता. चार दिवसांनी तो खरा व्हिडिओ घेऊन आला, मंडळाच्या कॅमेरावाल्याकडून. उघडायच्या आधी त्याने स्वतःच शेवटची अक्षरं पाहिली, मग आकार. ३.२ जीबी. "हे असलं पाहिजे की सर," म्हणाला आणि प्ले दाबलं.